इंग्लंडमध्ये घर भाड्याने देताय? ईआयसीआरमधला ‘मर्यादां’चा भाग आधी वाचा

वायरिंगच्या तपासणीचा अहवाल, म्हणजे ईआयसीआर, हातात आला की नजर थेट ‘सॅटिसफॅक्टरी’ या शब्दावर जाते. तो दिसला की पीडीएफ लगेच एजंटकडे रवाना होते. पण हा शेरा फक्त तपासलेल्या भागापुरता असतो. काय तपासलं नाही आणि का, हे वेगळ्या भागात लिहिलेलं असतं. बीएस ७६७१ या ब्रिटिश मानकाच्या नमुन्यात तो ‘डी’ भाग आहे: तपासणीची व्याप्ती आणि मर्यादा. माझ्या मते घरमालकाने अहवाल तिथूनच वाचायला सुरुवात करावी.

कोणाला लागू, तपासणी कोण करणार

खासगी भाड्याच्या घरांसाठीचे विद्युत सुरक्षा नियम इंग्लंडमध्ये २०२० साली आले. नव्या भाडेकरारांना ते १ जुलै २०२० पासून आणि चालू करारांना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तपासणी किमान दर ५ वर्षांनी करून घ्यावी लागते. अहवालात त्याहून कमी मुदत दिली असेल तर तीच पाळायची. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.

तपासणारी व्यक्ती ‘पात्र आणि सक्षम’ असावी, असं नियम सांगतो. एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या, इलेक्ट्रिशियनची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव आहे का, ते पाहा. शिवाय जुन्या वायरिंगच्या तपासणीचा अनुभव आणि विमा याबद्दलही विचारा. नवीन वायरिंग उत्तम करणारा इलेक्ट्रिशियन अशा तपासणीत तितकाच मुरलेला असेलच असं नाही.

मर्यादा दोन प्रकारच्या

पहिली, आधी ठरवून घेतलेली. उदाहरणार्थ, सगळे स्विच-सॉकेट न उघडता ठरावीक टक्केच उघडून पाहायचे. ही मर्यादा कोणाशी बोलून ठरली त्याचं नाव आणि कारण, दोन्ही अहवालात हवं. तुम्हाला न विचारता तिथे तुमचं नाव आलं असेल तर ताबडतोब खुलासा मागा.

दुसरी, कामाच्या वेळी आलेली अडचण: खोलीला कुलूप, सॉकेटसमोर भरलेलं कपाट, लॉफ्टवर चढायची सोय नाही. भिंतीतल्या, जमिनीखालच्या केबल खास ठरवल्याशिवाय तपासल्या जात नाहीत. तसं वाक्य नमुन्यातच छापलेलं असतं, त्याने घाबरायचं कारण नाही.

खरा फरक नोंदीच्या शब्दांत दिसतो. ‘काही भाग तपासता आला नाही’ या नोंदीतून कोणालाच काही कळत नाही. ‘मागच्या बेडरूममधले दोन सॉकेट तपासले नाहीत, समोर भाडेकरूचं भरलेलं कपाट, हलवता आलं नाही’ ही नोंद कामाची. चाचणीचंही तसंच. इन्सुलेशनची (तारांवरच्या वीजरोधक आवरणाची) चाचणी साधारण ५०० व्होल्टवर होते आणि किमान १ मेगाओहम रीडिंग लागतं. डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा स्विच) किंवा यूएसबी सॉकेट खराब होऊ नयेत म्हणून फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून फक्त अर्थिंगशी चाचणी केली असेल, तर ते सर्किटच्या नावासकट लिहिलेलं असावं.

तपासणीच्या तक्त्यात, मर्यादेमुळे तपासता न आलेल्या बाबीपुढे ‘लिम’ (लिमिटेशन, म्हणजे मर्यादा) असा शेरा येतो. ‘लिम’मुळे अहवाल आपोआप नापास होत नाही. सी१ (प्रत्यक्ष धोका) किंवा सी२ (धोक्याची शक्यता) आला तर होतो. ‘एफआय’ (पुढील तपास हवा) आल्यावरही होतो. ‘लिम’ आणि ‘एफआय’ यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. बघताच आलं नाही तर ‘लिम’. संशयास्पद काही दिसलं पण तळाशी जाता आलं नाही तर ‘एफआय’. सॉकेटच्या कडेला जळल्याचा डाग दिसत असताना ‘लिम’ लिहून पुढे जाणं चूक आहे, कारण ‘एफआय’ आल्यावर घरमालकाला २८ दिवसांत (अहवालात कमी मुदत असेल तर तितक्यात) हालचाल करावी लागते आणि ‘लिम’वर तशी सक्ती नसते. भाडेकरूच्या जिवाशी संबंधित गोष्ट अशी एका शेऱ्यामागे लपता कामा नये.

‘फ्यूज बॉक्सचं झाकण उघडू नका’ किंवा ‘लाइट बंद न करता काय ते तपासा’ अशा अटी घालून अहवाल स्वस्तात करून घेऊ नका. इतक्या मर्यादांनंतर तपासणी झाली असं म्हणायला फारसं काही उरत नाही, आणि कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) अहवाल मागितला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

तयारी आणि कागदपत्रं

मागचा ईआयसीआर, नवीन वायरिंगचं किंवा फ्यूज बॉक्स बदलल्याचं प्रमाणपत्र, छोट्या कामांची प्रमाणपत्रं आणि कोणतं सर्किट कुठे जातं त्याचा तक्ता काढून ठेवा. कोटेशन घेतानाच किती सर्किट आहेत आणि काय वगळणार, हे ईमेलवर लिहून घ्या. भाडेकरूला निदान २४ तास आधी लेखी कळवा, आणि त्यातच कपाट सरकवून ठेवायची, खोल्या उघड्या ठेवायची आणि काही काळ वीज जाईल याची सूचना द्या. निम्म्या मर्यादा एवढ्यानेच टळतात.

अहवाल मिळाल्यावर तपासणीपासून २८ दिवसांत त्याची प्रत भाडेकरूला द्यायची. नव्या भाडेकरूला ती राहायला येण्याआधी, आणि कौन्सिलने मागितल्यास ७ दिवसांत. दुरुस्ती झाल्यावर तिची लेखी खात्री २८ दिवसांत भाडेकरू आणि कौन्सिल दोघांनाही पाठवायची. मूळ नियमांत दंडाची कमाल मर्यादा ३०,००० पौंड होती, पुढे ती वाढवली गेली.

अहवालाची प्रत पुढच्या तपासणीपर्यंत जपून ठेवणं आणि ती पुढच्या तपासनिसाला देणं हेही नियमातच आहे. देताना ‘लिम’ लिहिलेल्या बाबींवर खूण करा आणि या वेळी तिथूनच सुरुवात करायला सांगा. घर मधल्या काळात रिकामं झालं तर पाच वर्षं थांबू नका. राहिलेल्या जागा तेव्हाच तपासून घ्या आणि तो कागद मूळ अहवालाला जोडा.