‘टॉप गिअर’ दोनदा का बंद पडलं?

२२ एप्रिल १९७७ रोजी बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्राने मोटारींवर अर्ध्या तासाचा एक मासिक कार्यक्रम सुरू केला. तो दिसायचा फक्त इंग्लंडच्या मिडलँड्स भागात. पेबल मिल स्टुडिओत तयार होणाऱ्या या कार्यक्रमाच्या सूत्रधार होत्या अँजेला रिपन. बीबीसीवर रात्री नऊच्या बातम्या देत असल्यामुळे त्या घराघरांत ओळखीच्या होत्या. जोडीला टॉम कॉइन. नाव ‘टॉप गिअर’. पुढच्या वर्षी जुलैपासून तो बीबीसी टूवरून देशभर दिसू लागला.

हे बर्मिंगहॅममध्येच घडावं यात नवल नाही. लाँगब्रिजचा अवाढव्य मोटार कारखाना याच शहरात. त्याची मालक असलेली ब्रिटिश लेलँड १९७५ मध्ये डबघाईला आल्यामुळे सरकारने ताब्यात घेतली होती आणि कारखान्यात संपांचा सुकाळ होता. १९७३च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग करून ठेवलेलं. अशा काळात मध्यमवर्गीय माणसाला गाडीबद्दल जे विचारायचं असतं, तेच हा कार्यक्रम सांगायचा: पेट्रोल किती पिते, जुनी घ्यावी की नवी, रस्त्यावर सुरक्षित कसं राहावं. पुढच्या सीटवर पट्टा बांधणं ब्रिटनमध्ये सक्तीचं झालं ते १९८३ साली. तोवर त्यावर कडाक्याचे वाद होत, आणि असे विषय या कार्यक्रमाच्या पठडीतलेच होते. ऐंशीच्या दशकात विल्यम वूलार्ड, क्रिस गॉफी, सू बेकर अशी मंडळी त्यात दिसत. कार्यक्रम थोडा रुक्ष, पण माहिती पक्की.

१९८८ मध्ये जेरेमी क्लार्कसन नावाचा उंच, कुरळ्या केसांचा पत्रकार दाखल झाला आणि सूर बदलला. गाडीची डिकी किती मोठी आहे यापेक्षा ती चालवताना कंटाळा येतो का, याची त्याला जास्त पडलेली असे. १९९५ मध्ये व्हॉक्सहॉलच्या व्हेक्ट्राबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही असा आव आणून त्याने जे परीक्षण केलं, त्यावर कंपनीने बीबीसीकडे तक्रार केली. सोबत शर्यती गाजवलेला टिफ नीडेल, जुन्या गाड्यांचा जाणकार क्वेंटिन विल्सन आणि पुढे व्हिकी बटलर-हेंडरसन. १९९३ पासून याच नावाचं मासिकही निघू लागलं. १९९९ मध्ये क्लार्कसन बाहेर पडला, प्रेक्षक घटत गेले आणि २००१ मध्ये बीबीसीने कार्यक्रम गुंडाळला. नीडेल, विल्सन आणि बटलर-हेंडरसन यांनी चॅनल फाइव्हवर ‘फिफ्थ गिअर’ सुरू केलं, कारण जुनं नाव बीबीसी सोडायला तयार नव्हती.

माझ्या मते हा मृत्यू क्लार्कसनच्या जाण्याने झाला नाही, त्याने फक्त घाई झाली. गाडी कोणती घ्यावी हे सांगण्याचं काम तोवर मासिकं आणि इंटरनेट करू लागले होते. त्यासाठी आठवडाभर थांबून टीव्हीसमोर बसायची गरज कोणाला उरली नव्हती.

क्लार्कसन आणि त्याचा शाळासोबती, निर्माता अँडी विल्मन, यांनी बीबीसीकडे नवा आराखडा नेला. २० ऑक्टोबर २००२ रोजी ‘टॉप गिअर’ परत आलं ते तासाभराचं होऊन. ठिकाण होतं सरे परगण्यातली डन्सफोल्डची जुनी धावपट्टी, जिथे एकेकाळी हॅरियर विमानांच्या चाचण्या होत. तिथल्या हँगरमध्ये उभे प्रेक्षक, पांढऱ्या हेल्मेटआडचा मुका चाचणी-चालक ‘स्टिग’ (पहिल्या दोन हंगामांत तो काळ्या पोशाखात असे) आणि साध्या सुझुकी लियानातून फेरी मारणारे नामवंत. पहिल्या हंगामात क्लार्कसन आणि रिचर्ड हॅमंडसोबत जेसन डॉ होता. त्याच्याकडे जुन्या गाड्यांच्या सल्ल्याचं खातं. एका हंगामात त्याची गच्छंती झाली आणि जागी जेम्स मे आला. सल्ला देणारा शेवटचा माणूस असा बाहेर गेला, याकडे तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

तरी जुनी खोड पुरती गेली नव्हती. २००३ मध्ये लाँगब्रिजच्या एमजी रोव्हरने ‘सिटीरोव्हर’ बाजारात आणली. ही म्हणजे पुण्यात बनलेली टाटा इंडिका, पुढे रोव्हरचं बोधचिन्ह लावून ब्रिटनला पाठवलेली. कंपनीने ती चाचणीसाठी द्यायला नकार दिल्यावर जेम्स मे लपवलेला कॅमेरा घेऊन ग्राहक म्हणून विक्रेत्याकडे गेला, गाडी चालवून आला आणि तिची पार सालटी काढली. आपल्याकडे इंडिकाने कित्येक कुटुंबांना पहिली डिझेल गाडी दिली, हे खरं. पण ब्रिटनमध्ये तिची किंमत अशी ठेवली होती की बोलणी बसणारच होती. २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली. तीन वर्षांनी टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, हा पुढचा भाग वेगळाच.

यानंतरचा दशकभराचा काळ म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमांपैकी एक होण्याचा. टोयोटा हायलक्स घेऊन चुंबकीय उत्तर ध्रुवाकडे, भंगाराच्या लायकीच्या गाड्यांतून बोट्स्वाना, बोलिव्हिया. प्रत्येक प्रवास आधीच्यापेक्षा मोठा हवा, प्रत्येक विनोद आधीच्यापेक्षा झोंबरा. २००८ च्या भागात आपली रोडस्टर बॅटरी संपून बंद पडल्यासारखी दाखवली म्हणून टेस्लाने दावा ठोकला, पण तो न्यायालयात टिकला नाही. २०११ च्या अखेरीस भारताचा विशेष भाग आला: मुंबईत डबेवाल्यांचं काम गाड्यांतून करण्याचा खटाटोप, तिथून थेट हिमालय, आणि क्लार्कसनच्या जग्वारच्या मागे बसवलेलं शौचकूप. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाने तक्रार केली. चेष्टा भारताची नव्हे, ब्रिटिश पाहुण्यांची होती, अशी बाजू बीबीसीने मांडली. काही प्रसंगांत ते पटतं, शौचकुपाच्या बाबतीत मुळीच नाही. २०१४ मध्ये अर्जेंटिनात एका गाडीच्या नंबरप्लेटवरून ब्रिटन-अर्जेंटिनातल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धाची खपली निघाली आणि चमूला देश सोडून पळावं लागलं.

शेवट मात्र झाला तो जेवणावरून. मार्च २०१५ मध्ये यॉर्कशरमधल्या हॉटेलात दिवसभराच्या चित्रीकरणानंतर गरम जेवण मिळालं नाही म्हणून क्लार्कसनने एका निर्मात्यावर हात उचलला. त्याला परत घ्या म्हणून दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या, पण बीबीसीने करार वाढवला नाही. हॅमंड, मे आणि विल्मन त्याच्यामागोमाग ॲमेझॉनकडे गेले. बीबीसीकडे नाव उरलं, धावपट्टी उरली, स्टिगही उरला. २०१६ मध्ये नवा सूत्रधार क्रिस एव्हन्सने एका हंगामात हात टेकले. मॅट लेब्लांक, रोरी रीड आणि क्रिस हॅरिस यांनी गाडी रुळावर आणली, आणि २०१९ मध्ये हॅरिससोबत पॅडी मॅकगिनेस व अँड्र्यू फ्लिंटॉफ आले. हा तोच इंग्लंडचा क्रिकेटपटू फ्लिंटॉफ, ज्याने २००२ मध्ये वानखेडेवर विजयाच्या भरात शर्ट काढून भिरकावला होता. हे त्रिकूट जमलं, इतकं की २०२० मध्ये कार्यक्रम बीबीसी वनवर गेला.

पण साहसांची भूक तीच राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर जेट इंजिनाची गाडी ताशी सुमारे ४६० किलोमीटर वेगाने पळवताना टायर फुटून हॅमंडच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. तो काही महिन्यांत परतला, आणि त्या पुनरागमनाचाही कार्यक्रम झाला. २०१९ मध्ये त्याच एल्व्हिंग्टनला फ्लिंटॉफची तीनचाकी धावपट्टी सोडून गेली. तेव्हा तो बचावला. डिसेंबर २०२२ मध्ये डन्सफोल्डवर मॉर्गनची तीनचाकी उलटली आणि त्याच्या चेहऱ्याला भयंकर जखमा झाल्या. बीबीसीने त्याची माफी मागितली, भरपाईही दिली, आणि २१ नोव्हेंबर २०२३ रोजी हा कार्यक्रम नजीकच्या काळात परतणार नसल्याचं जाहीर केलं. कधीतरी कोणाचा जीव जाईल असं आपण बीबीसीला आधीच बजावलं होतं, असं हॅरिसने २०२४ मध्ये उघडपणे सांगितलं.