घरात लहान मूल आणि ओट्यावर नानकटाई

(आमच्या नानकटाईच्या पुड्यासोबतचं माहितीपत्रक)

बेकिंगचं सामान घ्यायला येणारे अनेक आईबाबा आम्हाला विचारतात: दीड-दोन वर्षांचं मूल पायात घुटमळत असताना घरी काय भाजता येईल? केकचं सामान मागितलं तरी आम्ही आधी नानकटाईच सुचवतो. ती मध्येच थांबवता येते, केक थांबत नाही.

केकच्या मिश्रणात दही आणि खायचा सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटायला लागतो आणि त्यावरच केक फुगतो. मूल रडतं म्हणून ते भांडं अर्धा तास ओट्यावर राहिलं, की वायू निघून जातो आणि केक गच्च बसतो. नानकटाईत पाणी, दूध, दही यांपैकी काहीच नसतं. साजूक तुपातही पाणी जवळजवळ नसतं. त्यामुळे बेकिंग पावडर कोरडी राहते आणि ओव्हनची धग लागेपर्यंत तिचं काम फारसं सुरू होत नाही. तोवर गोळा फ्रिजमध्ये झाकून रात्रभर ठेवला तरी बिघडत नाही.

म्हणूनच आमचा दोन बाबतींत आग्रह आहे. तुपाऐवजी बटर वापरू नका, त्यात सुमारे 16 टक्के पाणी असतं. आणि गोळा फुटतोय म्हणून दुधाचा हबका मारू नका, चमचाभर तूप वाढवा.

पुड्यात काय आहे

मैदा 150 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा आणि वेलची-जायफळाची पूड, हे सगळं चाळून एकत्र केलेलं आहे. पिठीसाखर 100 ग्रॅम वेगळ्या पिशवीत आहे, कारण ती आधी तुपाबरोबर फेटायची असते. तूप मात्र घरचंच घ्या, 110 ते 120 ग्रॅम. साधारण 20 ग्रॅमचा एक, असे वीसेक गोळे होतात.

तूप कसं आहे यावर निम्मी नानकटाई ठरते. ते मऊ, रवाळ हवं, बोट दाबलं की खड्डा पडेल इतपत. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत ते वितळलेलंच असतं, तेव्हा 15-20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलट ते दगडासारखं थिजतं, म्हणून आधीच बाहेर काढा, पण गॅसवर पातळ करू नका. पातळ तुपाची नानकटाई ट्रेमध्ये पसरते.

काम कसं वाटून घ्यावं

मूल जागं असताना फक्त थंड कामं करा. तूप-साखर हलकं, पांढुरकं होईपर्यंत फेटा, मग पीठ मिसळा. नुसतं एकत्र होईल इतकंच, कणकेसारखं मळू नका. गोळे वळून, जरा दाबून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. यात कुठेही हात सोडावा लागला तरी चालतं. मुलाला मापाचे चमचे, रिकामी चाळणी, छोटं पोळपाट-लाटणं द्या. त्यालाही कामात असायचं असतं आणि ते आपल्याशेजारी खूश राहतं.

कच्चं पीठ मात्र त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. मैदा आणि बेसन ही न शिजलेली पिठं आहेत, त्यांत पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. बोट चाटून बघायची सवय मोठ्यांनीही इथे सोडावी.

भाजायचं ते मूल झोपल्यावर, किंवा आजी-आजोबा वा दुसरं कुणी त्याच्याकडे बघत असताना. ओव्हन 160 अंशांवर 10 मिनिटं आधी तापवा आणि 18 ते 20 मिनिटं भाजा. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते, गार होताना खुसखुशीत होते. कडक होण्याची वाट बघत बसलात तर ती करपेल. खालची बाजू फिकट सोनेरी दिसली की पुरे.

ओटीजीची, म्हणजे ओट्यावरच्या विजेच्या छोट्या ओव्हनची, काच आणि वरचा पत्रा बंद केल्यावरही बराच वेळ तापलेले असतात. तो ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवा आणि वायर खाली लोंबू देऊ नका, मुलं ती धरून ओढतात. एवढं करूनही चटका बसलाच, तर तो भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. फोड आला किंवा चेहऱ्याला, हाताला भाजलं तर डॉक्टरांकडे न्या.

कुणाला किती द्यावी

दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आमचा माल असला तरी आम्हीही तेच सांगू. त्या वयाच्या मुलासाठी ही नानकटाई नाही, ती घरातल्या इतरांसाठी आहे. साखरेऐवजी मध घालावा का, असंही विचारलं जातं. घालू नका. मधात पाणी असतं आणि एक वर्षाखालच्या बाळाला तर मध अजिबात द्यायचा नसतो. मोठ्या मुलांना बसवून, समोर थांबून द्या. लहान मुलांच्या नानकटाईवर बदाम-पिस्त्याचे काप लावू नका, घशात अडकतात. हवं तर सुक्या मेव्याची बारीक पूड पिठात मिसळा.

पावसाळ्यात पुडा घट्ट डब्यात ठेवा. ओल लागून पिठात गुठळ्या झाल्या असतील तर तो वापरू नका. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असेल, त्या दिवशी भाजायचा बेत टाळलेला बरा.

ओव्हन नसेल, तर दिवाळीआधी आणि मे महिन्यात घरचं सामान देऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणायची आपली जुनी पद्धत आहेच. तुमच्या भागातल्या भट्टीवाल्या बेकरीत विचारून पाहा. एक किलो पिठाचं मोठं माप हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा: मैदा 750 ग्रॅम, बेसन 250 ग्रॅम, पिठीसाखर अर्धा किलो असं वेगवेगळं बांधून ठेवू. तूप 550 ते 600 ग्रॅम तुम्ही घेऊन जा.