लेबलावरचे आकडे आणि जळगावचे ऊन

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की बिअर शॉपीपुढची गर्दी वाढते आणि त्याबरोबर कोणती बिअर ‘भारी’ हा वादही रंगतो. किंगफिशर, टुबोर्ग, बडवायझर, हाइनिकेन, हेवर्ड्स ५०००, बिरा ९१ अशी नावे घेऊन जो तो आपली बाजू लढवतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, चव, पोषण आणि किंमत या तिन्ही बाबतींत ब्रँडच्या नावापेक्षा लेबलावर बारीक अक्षरांत छापलेले मद्यार्काचे प्रमाण, बाटली भरल्याची तारीख आणि मिलिलिटर हे तीन आकडे अधिक सांगून जातात. बाटलीने दुकानात येईपर्यंत किती ऊन सोसले ही चौथी गोष्ट लेबलावर नसते, आणि खान्देशात तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

बार्ली भिजवून तिला मोड आणले की दाण्यात अमायलेझ नावाची विकरे तयार होतात. मोड आलेली बार्ली वाळवून, भरडून साधारण ६५ अंश तापमानाच्या पाण्यात ठेवली म्हणजे ही विकरे पिष्टाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करतात. या गोड द्रावात हॉप्स या वेलीची फुले उकळली की कडवटपणा उतरतो, आणि द्राव थंड करून यीस्ट घातले की ते साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. लागर प्रकारचे यीस्ट ८ ते १३ अंशांच्या थंडाव्यात सावकाश काम करते, त्यामुळे फळांसारखे वास फारसे निर्माण होत नाहीत आणि चव ‘स्वच्छ’ राहते. बोहेमियातील पिल्झेन गावी १८४२ मध्ये जी सोनेरी लागर प्रथम तयार झाली, तिच्याच वंशातल्या सौम्य बिअर आज जगभर खपतात. वरच्या यादीतील बिराची गव्हाची बिअर वगळली, तर बाकी सगळी मंडळी याच घराण्यातली आहेत.

एकाच घराण्यातली म्हणून त्यांच्यातला फरक थोडा असतो. हाइनिकेन केवळ बार्लीच्या माल्टची असते, बडवायझरमध्ये तांदूळ वापरला जातो, कोरोनात मका असतो. तांदूळ आणि मका साखर पुरवतात, पण चव फारशी देत नाहीत, म्हणून अशी बिअर जिभेला पातळ आणि हलकी लागते. हॉप्सचा कडवटपणा या सगळ्यांतच बेताचा ठेवलेला असतो. अमेरिकेत अ‍ॅलिसन आणि उल या संशोधकांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लेबल काढलेल्या बाटल्या दिल्यावर पिणाऱ्यांना आपली नेहमीची बिअर ओळखता आली नाही, आणि तीच बिअर लेबलासह दिल्यावर मात्र त्यांनी आपल्या ब्रँडला भरघोस गुण दिले. आपल्याकडच्या वादांनाही हा निष्कर्ष लागू पडावा, असे वाटते.

गव्हाच्या बिअरची गोष्ट मात्र वेगळी आहे. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्ट तुलनेने उबदार तापमानात काम करते आणि आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचे एस्टर, म्हणजे फळांसारख्या वासाचे संयुग, भरपूर तयार करते. रावेर-यावलकडे केळी पिकवायच्या वखारीत शिरल्यावर जो गोड वास नाकात भरतो, त्यातला प्रमुख रेणू हाच. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या केळीच्या प्रदेशातल्या माणसाला हा वास ओळखायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडू नये. बेल्जियन पद्धतीच्या होगार्डनमध्ये धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते, त्यामुळे तिचा वास त्या बाजूला झुकतो.

आता उन्हाविषयी. बाटलीबंद बिअर कारखान्यात साधारण ६० अंशांपर्यंत तापवून पाश्चरीकृत केली जाते, मग ४५ अंशांनी तिचे काय बिघडणार, असा प्रश्न रास्त आहे. बिघडते ते कालावधीमुळे. पाश्चरीकरण काही मिनिटांत आटोपते, तर ट्रकमध्ये, गोदामात आणि पत्र्याच्या शेडखाली बाटली दिवसचे दिवस तापत राहते. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावला, तर ५ अंशांच्या फ्रिजपेक्षा ४५ अंशांच्या शेडमध्ये बिअर सोळापट वेगाने शिळी होते. बाटलीत उरलेला किंचितसा ऑक्सिजन आणि माल्टमधील स्निग्धाम्ले यांच्यातून ट्रान्स-२-नॉनेनल हे संयुग पुढे येते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो. एका लिटरमध्ये मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे ते असले तरी नाकाला कळते. लेबलावर सहसा सहा महिन्यांची मुदत असते, परंतु सावलीतले सहा महिने आणि वैशाखातले सहा आठवडे यांची बरोबरी होऊ शकत नाही. पिण्याआधी बाटली बर्फात घालून ‘चिल्ड’ केल्याने आधी झालेला बिघाड दुरुस्त होत नाही, थंडीमुळे फक्त वास दबतो.

उष्णतेइतकाच प्रकाशही घातक असतो. हॉप्समधील कडू रेणूंवर निळा आणि अतिनील प्रकाश पडला की बिअरमधलेच रायबोफ्लेविन ती ऊर्जा शोषून या रेणूंची मोडतोड घडवते आणि एक उग्र, गंधकी वासाचे संयुग तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही चव नासते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारच कमी, आणि रंगहीन काच जवळजवळ नाहीच. म्हणजे कार्ल्सबर्ग किंवा हाइनिकेनची हिरवी बाटली आणि कोरोनाची पारदर्शक बाटली दिसायला देखणी असली, तरी रस्त्याकडेला उन्हात मांडलेल्या क्रेटमधून ती उचलू नये. तिथे तपकिरी बाटली बरी, आणि टिनचा डबा त्याहून बरा, कारण त्यात प्रकाश शिरतच नाही.

चखण्याचाही चवीशी संबंध आहे. काळ्या मसाल्याची तर्रीदार शेवभाजी किंवा ठेचा खाऊन तोंड भाजले की गार बिअरने आग विझेल, अशी समजूत आहे. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या उष्णताग्राही चेतापेशींना उद्दीपित करते, त्यांनाच मद्यार्क अधिक संवेदनशील बनवतो, आणि बिअरमधला कार्बन डायऑक्साइड स्वतःच जिभेला झोंबतो. गारव्यामुळे क्षणभर बरे वाटते, मग आग पुन्हा उसळते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, परंतु दुधातले केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून सोडवते, म्हणून भरीत-भाकरीबरोबर ताक ठेवण्याची आपली रीत शास्त्राला धरून आहे.

माइल्ड आणि स्ट्राँग ही विभागणी आपल्याकडे ५ टक्क्यांच्या रेषेवर होते. मद्यार्क ५ टक्क्यांपर्यंत असला तर माइल्ड आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. भारतात खपणारी बहुतांश बिअर स्ट्राँग असते. चवीच्या दृष्टीने ती गोडसर, जड आणि घशाला थोडी चटका देणारी लागते. तिच्याबद्दलचा एक प्रयोग अनेकांनी टेबलावर पाहिला असेल: बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची, तिच्यातून तेलकट धार तळाशी उतरते, आणि ‘बघा, ग्लिसरीन निघाले’ असे जाहीर करायचे. निघते ती बिअरच असते. न आंबलेल्या साखरांमुळे ती पाण्यापेक्षा किंचित घन असते, म्हणून खाली जाते, आणि दोन द्रवांतून प्रकाश वेगवेगळा वळत असल्यामुळे ती धार तेलासारखी दिसते. त्याच वेळी ग्लासातले पाणी वर चढून बाटलीत शिरते, त्यामुळे उरलेली बिअर सौम्य लागते. ग्लिसरॉल प्रत्येक बिअरमध्ये लिटरमागे एक-दोन ग्रॅम असतेच, पण ते यीस्टने स्वतः तयार केलेले असते, ते विरघळलेले असते, आणि असे वेगळे काढता येत नाही.

पोषणाचा हिशेब लेबलावरून घरी मांडता येतो. ६५० मिलीच्या ५ टक्के मद्यार्काच्या बाटलीत ३२.५ मिली, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम मद्यार्क असतो. प्रत्येक ग्रॅममागे ७ किलोकॅलरी धरल्यास १८० होतात, त्यात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकांचे ९० मिळवले की एकूण २७० ते २८० किलोकॅलरी. हाच हिशेब ८ टक्क्यांच्या बाटलीसाठी केला तर मद्यार्क ४१ ग्रॅम आणि एकूण ३८० ते ४०० किलोकॅलरी भरतात, म्हणजे ज्वारीच्या दोन मध्यम भाकरींइतक्या. भाकरीत तंतू, प्रथिने आणि लोह असते. बिअरमध्ये प्रथिने १०० मिलीमागे अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. ‘बार्लीचे पाणी’ म्हणून तिचे गुण गाणाऱ्यांनी हेही पाहावे की, १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि १०० मिली बिअरमध्ये ३० मिलिग्रॅमसुद्धा नसते. लाइट म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये उष्मांक कमी असतात, ते मुख्यतः कर्बोदके आणि थोडा मद्यार्क कमी केल्यामुळे. एकाच टक्क्याच्या दोन साध्या लागरमध्ये मात्र पोषणाचा फरक मोजण्याइतका नसतो. मद्यार्क कर्करोगास कारणीभूत ठरतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे, आणि त्यात बिअरला सवलत नाही.

उन्हाळ्यात बिअरने शरीर थंड राहते, हा समजही तपासून घ्यावा. मद्यार्क मेंदूतून स्रवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाबतो, त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवत नाहीत आणि घामाने आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून आणखी पाणी जाते. मुतखड्यावर बिअर हा आपल्या भागात हमखास मिळणारा सल्लाही याच लघवीच्या आधाराने दिला जातो. बिअर पिणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण कमी आढळल्याची निरीक्षणे आहेत, हे नमूद केले पाहिजे. तथापि, झालेला खडा बिअरने विरघळत नाही, बिअरमधील प्युरिनमुळे रक्तातले युरिक आम्ल वाढते, आणि खड्याने मार्ग अडवलेला असताना लघवीचा लोंढा वाढला तर कळा अधिक तीव्र होतात. जे काम साधे पाणी करते, त्यासाठी बाटली उघडण्याचे कारण नाही.

किमतीकडे वळायचे तर, मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेत येत नाही. उत्पादन शुल्क आणि विक्रीकर ज्या-त्या राज्याचा असतो, आणि बाटलीच्या किमतीत त्याचा वाटा मोठा असतो. म्हणूनच तीच बाटली मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला वेगळ्या आणि महाराष्ट्रातल्या शिरपूरला वेगळ्या किमतीत मिळते, आणि नवापूरच्या ज्या रेल्वे स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते, तिथे गुजरातच्या बाजूला दारूबंदी असल्यामुळे ती मिळतच नाही. महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आणि स्ट्राँगसाठी २५ आहे, तरीही खप स्ट्राँगचाच जास्त, यामागे साधे गणित आहे. हिशेबापुरते माइल्ड बाटलीचे १६० आणि स्ट्राँगचे १८० रुपये धरले, तर एक ग्रॅम मद्यार्क माइल्डमध्ये सहा रुपयांच्या वर पडतो आणि स्ट्राँगमध्ये साडेचारच्या आत. पैशांत स्वस्त वाटणाऱ्या या व्यवहारात शरीराला दीडपटीहून अधिक मद्यार्क पचवावा लागतो. परदेशी नावाच्या बाटलीला जे जास्तीचे पैसे मोजले जातात, त्यातले चवीवर किती खर्च होतात, याचे उत्तर १९६४ च्या प्रयोगात आलेच आहे.

३३० मिलीचा पाइंट लिटरच्या हिशेबाने मोठ्या बाटलीपेक्षा सहसा महाग पडतो. परंतु खान्देशी उन्हाळ्यात तो घेण्यात तथ्य आहे, कारण द्रव तापला की त्यात कार्बन डायऑक्साइड टिकत नाही, आणि ६५० मिलीच्या बाटलीचा खालचा तिसरा हिस्सा ग्लासात पडेपर्यंत कोमट आणि मचूळ झालेला असतो. माइल्डच्या पाइंटमध्ये मद्यार्क १३ ग्रॅमच्या आसपास राहतो आणि शेवटचा घोटही गार असतो.