सुरुवातीलाच गोल खाणारा संघ

4 मार्च 2023, इंग्लंडची प्रीमियर लीग फुटबॉल स्पर्धा. आर्सेनलच्या मैदानावर बोर्नमथने किक-ऑफ घेतला, म्हणजे मैदानाच्या मधून चेंडू खेळात आणला. आधी ठरवून एका बाजूला खेळाडूंची गर्दी केलेली, चेंडू बगलेवर गेला, तिथून गोलसमोर आला आणि फिलिप बिलिंगने तो जाळ्यात ढकलला. वेळ 9.11 सेकंद. सात आठवड्यांनी, 21 एप्रिलला, त्याच मैदानावर गुणतक्त्यात तळाशी असलेला साउदॅम्प्टन आला. या वेळी आर्सेनलच्या गोलरक्षकाचा पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला आणि 28 व्या सेकंदाला पुन्हा तेच. पहिला सामना आर्सेनलने 3-2 असा कसाबसा जिंकला, दुसरा 3-3 असा सुटला. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाला असे दोन गुण सांडणं परवडत नाही.

असं दोन-तीनदा झालं की निदान ठरलेलं असतं. संघ झोपेत मैदानावर उतरतो, वॉर्म-अप नीट होत नाही, प्रशिक्षकाचा वचक राहिलेला नाही, बचावफळीला पहिली दहा मिनिटं डोळेच उघडत नाहीत. समालोचक म्हणतात, प्रेक्षक म्हणतात, आणि काही दिवसांनी खेळाडूसुद्धा मुलाखतीत तेच म्हणू लागतात. यातलं काही खरं असूही शकतं. पण ही ‘सवय’ आहे असं म्हणण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: सवय नसती, तर असे किती गोल झाले असते?

सामन्याची सुरुवात हा गोल खाण्याच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक काळ असतो, हा समज मुळातच उलटा आहे. 90 मिनिटांचे 15-15 मिनिटांचे सहा तुकडे केले आणि गोल सगळीकडे सारखे वाटले गेले असते, तर प्रत्येक तुकड्याला साधारण 17 टक्के गोल आले असते. प्रत्यक्षात मोठ्या लीगमध्ये वर्षानुवर्षं चित्र एकच दिसतं. पहिल्या तुकड्यात सर्वांत कमी गोल आणि शेवटच्या तुकड्यात सर्वांत जास्त. शेवटी पाय थकलेले असतात, पिछाडीवरचा संघ सगळं पणाला लावतो, वाया गेलेल्या वेळेपोटी शेवटी वाढवलेली मिनिटंही त्याच तुकड्यात मोजली जातात. सुरुवातीला याच्या बरोबर उलट असतं. दोन्ही संघांची रचना शाबूत, डोकी ताजी, धोका पत्करायची घाई कुणालाच नाही.

आता थोडं गणित. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये एका सामन्यात सरासरी 2.7 गोल होतात, म्हणजे सरासरी संघ सामन्याला साधारण 1.35 गोल खातो. त्यातले 13 टक्के पहिल्या पंधरा मिनिटांत होतात असं धरू. गोलसारख्या क्वचित आणि विखुरलेल्या घटनांसाठी सिमेओं देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचं सूत्र वापरतात. ते लावलं, तर कोणत्याही एका सामन्यात पहिल्या पंधरा मिनिटांत गोल खाण्याची शक्यता सुमारे 16 टक्के निघते. फाशाच्या सहा बाजूंपैकी ठरावीक एक पडावी, जवळजवळ तेवढीच.

38 सामन्यांच्या मोसमात सरासरी संघाच्या वाट्याला असे सहा सामने येतात. पण सरासरी सहा म्हणजे प्रत्येकाला सहा नव्हेत. वीस संघ एकसारख्या ताकदीचे आहेत, एकालाही कसलीही सवय नाही, सगळं केवळ योगायोगावर चाललं आहे असं मानलं, तरी मोसमाअखेरीस सर्वांत कमनशिबी संघाच्या नावावर असे दहाच्या आसपास सामने असतील आणि सर्वांत नशीबवानाच्या नावावर दोनच. सलग तीन सामन्यांत सुरुवातीलाच गोल? एका संघासाठी ठरावीक तीन सामन्यांचा विचार केला तर शक्यता साधारण 240 त एक. पण वीस संघ आणि प्रत्येकाकडे मालिका सुरू व्हायला 36 जागा. म्हणजे दर मोसमात दोन-तीन संघांवर ही पाळी निव्वळ नशिबाने यायलाच हवी. कुठल्याच संघावर आली नाही, तर खरं तर तेच नवल.

योगायोगाने पडलेल्या घटना एकसारख्या अंतराने पडत नाहीत, त्यांचे घोळके होतात, आणि घोळका दिसला की आपल्याला त्यामागे हात दिसू लागतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जर्मनांचे व्ही-1 हे उडते बॉम्ब पडत होते, तेव्हा काही वस्त्यांवर जर्मनांचा खास डोळा आहे अशी लोकांची खात्री झाली होती. आर. डी. क्लार्क या विमा-गणितज्ञाने 1946 मध्ये हा हिशेब मांडला. दक्षिण लंडनच्या नकाशाचे पाव चौरस किलोमीटरचे 576 चौकोन केले आणि त्यांत पडलेले 537 बॉम्ब मोजले. 229 चौकोनांत एकही पडला नव्हता, प्वासाँच्या सूत्राप्रमाणे 227 कोरे राहायला हवे होते. सूत्रानुसार 211 चौकोनांत एकेक बॉम्ब पडायला हवा होता, प्रत्यक्षातही 211 चौकोनांतच पडला होता. घोळके होते, नेम मात्र नव्हता.

फुटबॉलमध्ये याला आठवणीची फोडणी मिळते. तिसऱ्या मिनिटाला खाल्लेला गोल संपूर्ण सामन्यावर सावली धरून बसतो, तो विसरणं शक्य नसतं. पहिली पंधरा मिनिटं काहीही न घडता गेलेले सामने कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, कारण लक्षात ठेवण्यासारखं त्यांत काही नसतंच. जे सहज आठवतं ते वारंवार घडतं असं मन धरून चालतं, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्येच दाखवून दिलं. आणखी एक गंमत म्हणजे ‘सुरुवातीला’ या शब्दाची हद्द. आठव्या मिनिटाचा गोल सुरुवातीचा, मान्य. पण यादी लांबवायची असली की सतराव्या, विसाव्या मिनिटाचे गोलही तिच्यात गुपचूप येऊन बसतात. गोल पाहून मग रेघ ओढायची म्हटल्यावर कोणताही संघ दोषी ठरवता येतो.

म्हणजे सगळा खेळ नशिबाचा? नाही. खरी कारणंही असतात, आणि ती झोपेपेक्षा जास्त रंजक आहेत.

शरीरापासून सुरू करू, कारण पहिला संशय तिथेच जातो. विश्रांतीच्या वेळी मांडीच्या स्नायूंचं तापमान 36 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा थोडं खाली असतं. चांगल्या वॉर्म-अपने ते 38-39 पर्यंत चढतं. तापमानातल्या दर अंशामागे स्नायूंची स्फोटक कामगिरी साधारण 2 ते 5 टक्क्यांनी बदलते. अडचण अशी की वॉर्म-अप संपल्यावर लगेच सामना सुरू होत नाही. ड्रेसिंग रूममध्ये परतणं, शेवटच्या सूचना, मैदानाकडे नेणाऱ्या बोगद्यात रांगेत उभं राहणं, राष्ट्रगीतं, हस्तांदोलनं, यांत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि कमावलेली ऊब निसटत राहते. मध्यंतरात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात मध्यंतरात नुसते बसून राहिलेल्या खेळाडूंच्या स्नायूंचं तापमान सुमारे 2 अंशांनी उतरलं आणि त्यांचा धावण्याचा वेग 2.4 टक्क्यांनी घटला. मध्यंतराच्या शेवटी थोडी हालचाल केलेल्या खेळाडूंचा वेग टिकून राहिला. 2.4 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण 30 मीटरच्या धावेत ते 70 सेंटिमीटरच्या घरात जातात. आघाडीपटू बचावपटूच्या पुढे निघून गेला की नाही, हे याहून कमी अंतरात ठरतं.

पण इथे थांबून विचारायला हवं: थंड स्नायू फक्त एकाच संघाचे कसे? समोरचे अकराही त्याच बोगद्यात, त्याच वाऱ्यात उभे होते. शिवाय सामन्यातलं वेगवान धावणं मोजलं तर ते पहिल्याच पंधरा मिनिटांत सर्वांत जास्त भरतं. त्यामुळे ‘पाय थंड होते’ हे कारण मला अर्धवट वाटतं. एखाद्या संघाचा वॉर्म-अप खरोखरच इतरांपेक्षा आखूड असेल किंवा फार लवकर संपत असेल तरच ते लागू पडतं, आणि हे तर घड्याळ लावून तपासता येतं.

मला जास्त पटतं ते चेंडू हाताळण्याच्या पद्धतीतलं कारण. झटपट गोलांचा इतिहास पाहिला की एक विचित्र गोष्ट नजरेत भरते. 2002 च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तुर्कस्तानच्या हाकान शुकुरने अकराव्या सेकंदाला गोल केला, तेव्हा किक-ऑफ घेतला होता दक्षिण कोरियाने. प्रीमियर लीगमधला सर्वांत झटपट गोल शेन लाँगचा, साउदॅम्प्टनकडून, 23 एप्रिल 2019 ला, 7.69 सेकंदांत. तिथेही किक-ऑफ वॉटफर्डचा होता. चेंडू मागे बचावपटूकडे गेला, त्याने तो लांब फेकायला पाय उचलला आणि धावत आलेल्या लाँगने तो अडवून सरळ गोल गाठला. म्हणजे गोल खाणारा संघ झोपलेला नव्हता, चेंडू त्याच्याकडेच होता. सुरुवातीला मागे पास देऊन स्थिरस्थावर व्हायचं ही सगळ्यांची रीत, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरच्यांचे पाय सर्वांत ताजे, अंगावर धावून जाण्याचा जोर सर्वांत जास्त. 2024 च्या युरो स्पर्धेत इटलीने अल्बानियाविरुद्ध 23 व्या सेकंदाला गोल खाल्ला तो स्वतःच्याच थ्रो-इनवर. चेंडू स्वतःच्या गोलच्या दिशेने फेकला आणि नेदिम बायरामीने तो पळवला.

गोलरक्षकापासून छोट्या पासने खेळ उभारणारा संघ हा धोका समजून-उमजून घेत असतो, कारण नव्वद मिनिटांत त्याचा फायदा जास्त असतो. प्रतिस्पर्धी हे ध्वनिचित्रफितींतून पाहतात आणि पहिली काही मिनिटं मुद्दाम तिथेच हल्ला चढवतात. त्यात 2016 पासून किक-ऑफचा नियम बदलला. पूर्वी चेंडू पुढेच ढकलावा लागे, आता कोणत्याही दिशेने चालतो. त्यामुळे फ्री-किक किंवा कॉर्नरसारखे किक-ऑफचेही डाव बसवता येतात. बोर्नमथचा तो गोल असाच बसवलेला डाव होता. एकदा संघाची ‘सुरुवातीला ढिला’ अशी ख्याती झाली की पुढचा प्रतिस्पर्धी नवा डाव घेऊनच येतो. योगायोगाने सुरू झालेली गोष्ट या वाटेने खरीही होऊ शकते.

मग खरी सवय ओळखायची कशी? गोल मोजून नव्हे, ते फारच थोडे असतात. गोलकडे मारलेले फटके मोजावेत. साधारण दहा फटक्यांत एक गोल होतो, म्हणजे त्याच सामन्यांतून दसपट माहिती हाती येते. पहिल्या पंधरा मिनिटांत या संघाविरुद्ध इतरांपेक्षा जास्त फटके, तेही जवळून, मारले जात असतील तर पाणी मुरतंय. फटके नेहमीएवढेच आणि गोल मात्र दुप्पट असतील, तर बहुधा नशीब. दुसरी गोष्ट, प्रमाण पाहावं. एकूणच भरपूर गोल खाणारा संघ सुरुवातीलाही जास्त खाणार, त्याचा आजार सुरुवातीचा नाही, बचावाचा आहे. आणि तिसरी, मोसमाच्या पहिल्या निम्म्यात दिसलेली सवय दुसऱ्या निम्म्यात टिकते का? टिकली नाही, तर ती सवय नव्हतीच.

ही तिसरी परीक्षा प्रशिक्षकांना अडचणीची वाटते, कारण तिच्यामुळे बऱ्याच उपायांचं श्रेय जातं. सलग चार सामन्यांत लवकर गोल खाल्ल्यावर बैठक होते, वॉर्म-अप बदलतो, बोगद्यात गर्जना होतात आणि पुढचे चार सामने सुरळीत जातात. उपाय लागू पडला! पण टोकाच्या वाईट काळानंतर साधारण काळ येणं हे काही न करताही घडतंच. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत पाहिलं होतं तेच हे (फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीच्या जवळ येतात), सरासरीकडे परतणं. उलट, ‘काहीही करा पण लवकर गोल खाऊ नका’ ही ताकीद अंगावर येण्याचीही भीती आहे. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं बजावलं की तेच मनात येत राहतं, हा मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा 1987 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेतली गोष्ट जशीच्या तशी मैदानावर लागू होईल असं नाही, पण बचावपटूला काय टाळायचं यापेक्षा काय करायचं ते सांगणं बरं. पहिले तीन पास कुणाकडे, दबाव आला तर चेंडू कुठे मारायचा, इतकं नेमकं.

आणि खाल्लाच लवकर गोल, तर? दोन तुल्यबळ संघ धरून वरचंच सूत्र चालवलं, तर पाचव्या मिनिटाला मागे पडलेला संघ दहापैकी सहाहून थोडे अधिक सामने हरतो, दोन बरोबरीत सोडवतो आणि दीडेक चक्क जिंकतो. तोच गोल 75 व्या मिनिटाला खाल्ला तर जिंकण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांवर येते. गोल खायचाच असेल तर तो लवकर खाल्लेला बरा, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी हिशेबात चूक नाही. आघाडी घेतलेला संघ बहुतेकदा थोडा मागे सरकतो, हेही पिछाडीवरच्याच्या पथ्यावर पडतं. 2024 मध्ये 23 व्या सेकंदाला मागे पडलेली इटली सोळाव्या मिनिटाला 2-1 अशी पुढे होती, आणि सामना तसाच संपला. पश्चिम जर्मनीने 1954 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आठ मिनिटांत हंगेरीकडून दोन गोल खाल्ले. 1974 च्या अंतिम सामन्यात तर एकाही जर्मन खेळाडूचा चेंडूला स्पर्श होण्याआधी नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली आणि तिचा गोल झाला. दोन्ही विश्वचषक जर्मनांनीच उचलले. त्यामुळे त्यांना सुरुवातीला गोल खायची सवय होती का, हे कुणी विचारलं नाही.