दोन नाचांमधली थंडी

धान घरात आले की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात, आणि त्यांच्यामागोमाग नाटके. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून निघालेल्या नाटकमंडळ्यांचे प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-गडचिरोलीकडे रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. एक लावणी झाली की दुसरी तासाभराने. मधला वेळ उघड्या शेतात, पडद्यामागे. पोटऱ्या आखडतात त्या इथे, आणि लेग वॉर्मर लागतो तोही इथेच.

नाचताना तापलेला स्नायू थांबताच निवू लागतो, घामामुळे आणखी लवकर. स्नायू 1 अंशाने थंडावला की उडीला लागणारा जोर साधारण 4 टक्क्यांनी घटतो. शेकोटीने कातडी भाजून निघते, आतला स्नायू फारसा तापत नाही.

लेग वॉर्मर म्हणजे गुडघ्याखालून घोट्यापर्यंतची विणलेली नळी. ती स्वतः ऊब देत नाही, आहे ती राखते. विणीत अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू सरकते. पाण्यातून वीसपटीहून जास्त वेगाने. म्हणून पाय आधी पंच्याने कोरडे करा आणि सुती वॉर्मर टाळा, तो घाम धरून बसतो. लोकर उत्तम. ॲक्रिलिक स्वस्त आणि चालण्याजोगे, मात्र शेकोटीपासून लांबच: ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते.

विकत घ्यायची गरज नाही. मोठ्या मापाच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या पुरतात. मनगटापासून 42 सेंमीवर खूण करा, तिच्या दोन्ही बाजूंना झिगझॅग टीप मारा आणि मगच कापा. उलटे केले तर वीण उसवत जाते. मनगटाची बाजू घोट्यावर येते. वरच्या टोकाला 2 सेंमी दुमडून इलॅस्टिक ओवा. गुडघ्याखालचा घेर 34 सेंमी असेल तर इलॅस्टिक 32 ठेवा. नाचल्यावर पोटरी फुगते, त्यामुळे घरी नीट बसलेले इलॅस्टिक रात्री वळ उठवते. दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत.

टाच झाकू नका, फळ्यांच्या मंचावर पाय सटकतो. घुंगरू सोडायचे नसतील तर नळी त्यांच्या वरच थांबवा, नाहीतर धागे अडकतात.

1980च्या दशकात अमेरिकेत ही नर्तकांची वस्तू रस्त्यावरची फॅशन झाली. आज जीन्सवर चढवायचे पातळ, चकचकीत प्रकार मिळतात. फोटोला ठीक, पौषातल्या रात्री कुचकामी.

प्रवेशाच्या पाच मिनिटे आधी, वॉर्मर पायात असतानाच, वीसेक वेळा टाचा उचला, घोटे फिरवा. मग काढा. ढोलकीवर थाप पडल्यावर धावपळ करत काढलेला वॉर्मर घुंगरात हमखास अडकतो.