खाणीवर यंत्र किंवा ठेकेदार लावण्यापूर्वी

चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळसा पट्ट्यात पोकलेन, डोझर, ग्रेडर किंवा हायवा (डंपर ट्रक) भाड्याने घेणारे ग्राहक सहसा पहिला प्रश्न दराचा विचारतात. आमची विनंती अशी, की त्याआधी मोजमाप कसे होणार ते लेखी ठरवावे, कारण बिलावरचे बहुतेक वाद तेथेच उगवतात.

यंत्र तासाच्या दराने घेतल्यास, ते नुसते इंजिन चालू ठेवून उभे असले तरी अवरमीटर (इंजिन चालल्याचे तास मोजणारा मीटर) फिरत राहतो. म्हणून लॉगशीटवर (यंत्राच्या रोजच्या नोंदपत्रकावर) सुरुवातीचे व शेवटचे रीडिंग, मध्ये यंत्र थांबल्याचे कारण आणि भरलेले डिझेल लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. महिनाअखेरीस आठवणीने भरलेली लॉगशीट आम्ही स्वतः मान्य करत नाही. दर डिझेलसह की विनाडिझेल, महिन्याचे किमान तास किती आणि यंत्र वाहून आणणाऱ्या लो-बेड ट्रेलरचा खर्च कोणाचा, हेही करारात यावे.

घनमीटरच्या दराने काम दिल्यास अधिक सावध राहावे लागते. जमिनीत घट्ट बसलेली माती उकरली की फुगते. दहा घनमीटरच्या खड्ड्यातून निघालेला माल हायवात साधारण बारा-साडेबारा घनमीटर भरतो आणि सुरुंगाने फोडलेला वालुकाश्म तर याहूनही जास्त जागा व्यापतो. सुरुवातीच्या एका कामात आम्ही हायवाच्या खेपा मोजल्या, समोरच्यांनी खड्डा मोजला, आणि हिशेब जुळायला तीन महिने गेले. तेव्हापासून कामाआधी आणि कामानंतर संयुक्त सर्वेक्षण झाल्याशिवाय आम्ही यंत्र उतरवत नाही.

खाण सुरक्षेचा कायदा (2025 पर्यंत खाण कायदा, 1952) ठेकेदाराच्या माणसांनाही लागू होतो. त्यामुळे प्रत्येक ऑपरेटर व हेल्परची वैद्यकीय तपासणी आणि नियमांनुसारचे व्यावसायिक प्रशिक्षण झाल्याची कागदपत्रे यंत्र पोहोचण्यापूर्वीच मागून घ्यावीत. हायवाचा रिव्हर्स हॉर्न वाजतो का, हे गेटवरच गाडी मागे घ्यायला लावून ऐकावे.

स्थापत्य ठेकेदार निवडताना त्याने काळ्या मातीवर काम केले आहे का, ते पाहावे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. ती न काढता वजनकाट्याचा पाया घातला, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तो हलू लागतो. हॉल रोडवर (खाणीतील मालवाहतुकीच्या रस्त्यावर) मुरूम दाबून घेण्याइतकेच बाजूच्या नाल्यांना महत्त्व आहे, आणि नाल्यांचे काम मे अखेरपर्यंत पूर्ण करण्याची अट करारात वेगळी लिहावी.