वाघिणी वाहणारा बिज्जू

नाशिकरोडच्या मालधक्क्यावर उभी असलेली मालगाडी उचलून गंगापूर धरणात तरंगवू, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. धरणाचा पलीकडचा काठ समोर दिसतो, वळसा घालून जाता येतं. अमेरिकेतलं मिशिगन सरोवर मात्र सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साडेतीन पटीहून मोठं. दक्षिणेकडून वळसा घ्यावा, तर शिकागोच्या यार्डांतल्या गर्दीत वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, खोळंबायच्या. म्हणून १८९२ पासून भरलेल्या वाघिणीच जहाजात ढकलून पार नेऊ लागले.

त्या परंपरेतलं 'एसएस बॅजर' अजून चालू आहे. बॅजर हा बिज्जूच्या कुळातला प्राणी, विस्कॉन्सिन राज्याची ओळख. वाघिणींना वाहणारा बिज्जू, हा विनोद फक्त मराठीतच जमतो! १९५३ साली सेवेत आलेल्या या १२५ मीटर लांब जहाजाच्या पोटात चार रूळमार्ग होते. एकाच बाजूला वाघिणी भरल्या तर जहाज कलंडणार, म्हणून भार इकडे-तिकडे तोलत भरायचा. आत शिरायची वाट मागून, त्यामुळे जहाज आजही नांगर टाकून वळतं आणि पाठमोरं धक्क्याला लागतं. ही मागची बाजूच घातकी, वादळात तिथून पाणी आत घुसू शकतं. 'मिलवॉकी' नावाचं असंच जहाज १९२९च्या वादळात सगळ्या माणसांसह बुडालं.

बॅजरचं खरं कौतुक त्याच्या 'युनाफ्लो' इंजिनाचं. साध्या वाफेच्या इंजिनात वाफ सिलिंडरच्या ज्या टोकाने येते, तिथूनच परत जाते. जाताना ती थंडावलेली असते आणि ते टोकही थंड करते. मग नव्या गरम वाफेतली थोडी तिथेच पाणी होऊन वाया जाते, गार पेल्यात ओतलेला चहा निवतो तशी. युनाफ्लोमध्ये वाफ टोकाकडून येते आणि मधल्या छिद्रांतून निघून जाते. टोक तापलेलंच राहतं, कोळसा वाचतो.

१९९० मध्ये वाघिणी थांबल्या. १९९२ पासून तेच जहाज मोटारी आणि प्रवासी घेऊन लडिंग्टन ते मॅनिटोवॉक असे सुमारे ९७ किलोमीटर चार तासांत कापतं. राख मात्र पाण्यात कालवून सरोवरातच सोडत, दर हंगामाला सुमारे ५०० टन. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या शेजाऱ्यांना राखेचा त्रास सांगायला नको. बरीच ओरड झाल्यावर २०१५ पासून ती जहाजावरच साठवून किनाऱ्यावर उतरवतात. बॉयलर अजून कोळशावरच पेटतात.